नेट चालू हाय ना?

2018 च्या दिवाळीच्या आसपास देवळी तालुक्यातल्या एका सेवा केंद्राच्या चालकाचा मला सारखा फोन येत होता. सातबारा काढायला, पीक विम्याची पावती घ्यायला शेतकरी रांगेत उभे, आणि कॉम्प्युटर मात्र असा तापायचा की पंख्याचा आवाज बाहेरच्या ओट्यावर ऐकू यायचा. व्हायरस शोधून झाला, काही सापडलं नाही. मग त्याच वायफायवर असलेला मोबाईलही मधूनच गरम होतो असं तो म्हणाला, तेव्हा माझं लक्ष कॉम्प्युटरवरून भिंतीवरच्या राउटरकडे गेलं.

वर्धा, सेलू, पुलगाव, हिंगणघाट या भागातल्या काही केबलवाल्यांच्या राउटरांची देखभाल मी करतो. केंद्राच्या राउटरमधल्या फायलींची यादी उघडली, तर त्यात 'एरर' नावाचं एक पान होतं. आमच्यापैकी कोणीच ते ठेवलेलं नव्हतं. आत एकच छोटी स्क्रिप्ट, कॉइनहाइव्ह नावाच्या सेवेची. एखादी वेबसाइट उघडली नाही की राउटर तिच्या जागी हे पान दाखवायचा, आणि ते समोर असेपर्यंत कॉम्प्युटर कुणा अनोळखी माणसासाठी मोनेरो नावाचं आभासी चलन कमवत बसायचा. दुपारी साइट अडकली की चालक "थांबा, सर्व्हर डाऊन आहे" म्हणून तेच पान उघडं ठेवून बसे. कापूस वेचणी सोडून आलेल्या माणसांचा वेळ आणि केंद्राची वीज अशी जात होती. मला त्याची फार चीड आली.

चोर आत शिरला कसा? या बनावटीचा राउटर दुरून सांभाळता यावा म्हणून त्यात 8291 क्रमांकाचा पोर्ट उघडा असतो. त्यावर आलेली मागणी तपासताना सॉफ्टवेअरमध्ये चूक राहिली होती. मागणारा पासवर्ड न देताच राउटरच्या आतली कोणतीही फाईल वाचू शकत होता, आणि वापरणाऱ्यांची नावं-पासवर्ड ज्या फाईलमध्ये असतात तीसुद्धा. एवढं हाती आलं की पुढे तो मालकासारखाच आत येणार.

राउटर बनवणाऱ्या कंपनीने या चुकीची दुरुस्ती 23 एप्रिल 2018 लाच दिली होती. मोठा हल्ला उघडकीला आला ऑगस्टमध्ये, आधी ब्राझीलमध्ये, आणि बघता बघता जगभरातले दोन लाखांवर राउटर त्यात सापडले. म्हणजे औषध आधी आलं आणि रोग नंतर पसरला. पण गावातला राउटर अपडेट करणं हे काम नक्की कोणाचं, हे आमच्याकडे कधी ठरलेलंच नव्हतं. केबलवाला वायर ओढतो, दुकानदार महिन्याचे पैसे भरतो. मधल्या त्या डबीला वाली नाही.

नुसत्या अपडेटने भागत नाही, हे मला त्या वेळी केंद्राला नेट देणाऱ्या केबलवाल्याला कळकळीने सांगावं लागलं. पासवर्ड एकदा बाहेर गेला की नव्या सॉफ्टवेअरवरही तो चालतोच. ते पान काढलं, ते दाखवणारी प्रॉक्सी बंद केली, ठरावीक वेळाने तेच पान पुन्हा उतरवून घेणारी नोंद पुसली, पासवर्ड बदलला, बाहेरच्यांसाठी पोर्ट बंद केला. पण त्या केबलवाल्याने सगळ्या गावांतल्या राउटरांना एकच पासवर्ड ठेवला होता. त्यामुळे सगळेच बदलणं भाग होतं.

तिथे गाडी अडली. "नेट चालू हाय ना भाऊ? मंग काऊन हात लावता? जिनिंगचा सीझन हाय, बंद पडलं तर लोक मले सोडतीन काय?" त्याची भीती खोटी नव्हती. अपडेटनंतर राउटर पुन्हा सुरू झालाच नाही, तर रात्री कुणाच्या तरी गच्चीवर शिडी लावावी लागते. शेवटी मध्यरात्रीनंतर, एकेक गाव घेत, आम्ही ते काम केलं. तो स्वतः टॉर्च धरून सोबत यायचा.

आर्वीकडच्या दुसऱ्या एका केबलवाल्याने मात्र तेव्हा हात लावू दिला नाही. मार्च 2019 मध्ये कॉइनहाइव्हच बंद झालं. त्याच्या गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर तापायचे थांबले, आणि आपोआप बरं झालं असं त्याने मला आनंदाने फोनवर सांगितलं. मी त्याच दिवशी आर्वीची एसटी धरली. त्याच्या राउटरमध्ये एप्रिल 2018 च्या आधीचंच सॉफ्टवेअर होतं आणि 8291 सगळ्या जगाला उघडा होता.