रबराची सांगड

मासेमारी म्हटली की मुंबई-पुण्याच्या माणसाला कोळीवाडा आठवतो, आणि नांदेड-लातूर म्हटले की दुष्काळ. ही दोन चित्रे सहसा एका चौकटीत बसत नाहीत. म्हणूनच या मुलखातला एक जुना धंदा प्रवाशाच्या नजरेतून निसटतो.

नांदेडहून लोह्यामार्गे कंधारला जावे. तेथे राष्ट्रकूटांच्या काळचा तलाव आहे आणि त्याचे नाव आहे जगत्तुंग समुद्र! खरा समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा तळ्यालाच समुद्र म्हणून टाकले. पण लहरी पावसाच्या प्रदेशात ही नुसती बढाई नव्हे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे, स्वामी म्हणवीत. पाण्याची किंमत त्यांना ठाऊक असणारच.

पुढे अहमदपूरमार्गे लातूरकडे निघालात की लहान तळी भेटू लागतात. मराठवाड्यातले कित्येक पाझर तलाव कुणा राजाने बांधलेले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात पोटासाठी दगडमाती वाहणाऱ्या माणसांच्या घामातून ते उभे राहिले.

अशा तळ्यात सकाळी पाहावे, तर मध्यभागी पाट मांडून बसावे तसा एक माणूस पाण्यावर बसलेला! जवळ आल्यावर उलगडा होतो. ट्रकच्या चाकाची फुगवलेली रबरी ट्यूब, तिच्यावर बांधलेली फळी, पाण्यात सोडलेले पाय आणि हातात वल्ह्याचे काम करणारे फळकूट. झाली भोयाची नाव! पूर्वी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड असे. आता रबर आले, थर्मोकोल आले. काम आटोपले की नाव खांद्यावर टाकून गडी घरी.

अमेरिकेतही हौशी मंडळी अशाच तरंगत्या ट्यूबेत बसून लहान तळ्यांत गळ टाकतात. पायांत बदकासारखे पंख घालून ती मागे मागे सरकतात, आणि पिसे व दोरा यांची बनावट माशी करून माशाला फसवतात. मासा सापडला की पुष्कळदा सोडूनही देतात. आमच्या भोयाला ती चैन परवडत नाही. त्याची चूल वाट पाहत असते.

अहमदपूरच्या अलीकडे एक म्हातारा भोई काठाशी आला.

"काय बघायलाव, साहेब? या, बसा ट्यूबवर."

"नको मामा, बुडेन!"

"ट्यूब बुडत नसते, साहेब. बुडतंय ते तळं. उन्हाळ्यात."

या एका वाक्यात धंद्याचे सारे दुखणे आले. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून वीण घालीत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचे वाहते पाणी लागते. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूलगतच्या ग्रंथीचा अर्क टोचून ही वीण घडवून आणली, म्हणून आज बीज मिळते. पण ते दर पावसाळ्यात विकत आणून तळ्यात सोडावे लागते. बोटाएवढी पिले, त्यांना बोटुकली म्हणतात, वाढायला महिने लागतात. मध्येच तळे आटले की बीजाचे पैसे मातीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या साली माणसांची ही गत, त्या साली माशांचे काय विचारावे?

एक मरळ तेवढी चिवट. ती पृष्ठभागावर येऊन हवा घेते, त्यामुळे पाणी उथळ आणि गढूळ झाले तरी तग धरते. पण हवा घेताना उठणारा तरंगच तिचा घात करतो. भोई तेथे नेमका बेडकीचा गळ टाकतो. "लाकडी होडीचा आवाज होतो, रबराचा होत नाही," मामा म्हणाले.

रबराला भय आहे ते काट्याचे. तळे भरले की काठच्या बाभळी पाण्याखाली जातात. ट्यूबेला काटा लागला आणि पाय जाळ्यात अडकला, तर पट्टीचा पोहणाराही संकटात सापडतो.

पाऊस बरा झाला असेल तर दिवाळीच्या सुमारास ही तळी भरलेली असतात. त्या बाजूला गेलात तर सकाळी लवकर काठावर जा. ताजी मरळ आणि ज्वारीची भाकरी हा बेत विसरण्याजोगा नाही. मात्र भाव करताना एवढे ध्यानात असू द्या, की त्या भावात पुढच्या पावसाळ्याची बोटुकलीही धरलेली आहे.