अर्धी दाढी

विनोदाची आमची खोड जुनी आहे. सेमिनरीत मौनाच्या वेळी हसल्याबद्दल आम्ही पुष्कळ बोलणी खाल्ली; पुढे तीच खोड धर्मग्रामात उपयोगी पडली. संत फिलिप नेरी (1515-1595) आमचे विशेष आवडते. लोकांनी आपल्याला साधुपुरुष समजू नये म्हणून हा रोमचा धर्मगुरू एकदा अर्धीच दाढी करून हिंडला, असे सांगतात. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा सांगितली आहे की मुले तिचा शेवट आमच्याआधीच म्हणून मोकळी होतात.

18 मे 2025 चा रविवार. पोप चौदावे लिओ यांच्या सेवाकार्याचा रोममध्ये त्या दिवशी प्रारंभ व्हायचा होता, म्हणून मिस्सानंतर पेढे वाटायचे ठरले होते. पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली. प्रवचन चालू असताना मागच्या बाकांवर कुजबुज होती. पेढ्यांचा खोका उघडलाच नाही. दिवस मावळेपर्यंत मृतांची संख्या आठ झाली. मालक, त्यांचे कुटुंबीय आणि कामगारही त्यांत होते. एक तान्हे मूलही होते.

दोन दिवसांनी आम्ही कामगारवस्तीत गेलो. तेथे कांड्या भरणारी एक आजी राहते. मृतांपैकी कोणी तिच्या नात्याचे नव्हते. परंतु दुसऱ्या एका कारखान्यात मागावर असणारा तिचा मुलगा रविवारपासून बोलत नव्हता. आम्ही सवयीने काहीतरी हलके बोलून गेलो. काय, ते येथे लिहवत नाही. आजी म्हणाली, “फादर, आज नको. नुसतं बसा.”

बसलो. खरे सांगायचे तर तो विनोद त्या मुलासाठी नव्हताच; त्या घरातील शांतता आम्हांलाच सोसवत नव्हती. लाझारस क्षणभरात बाहेर येणार हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरेशी रडला, हे आम्ही कितीदा तरी शिकवले आहे! तासाभराने कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे आली. ती मुकाट्याने खाल्ली.

पुढे दर मंगळवारी जात राहिलो. गोष्टी मात्र सांगितल्या नाहीत. पावसाळ्यात एकदा मुलगा पाळी संपवून आला आणि हातपाय धुता धुता म्हणाला, “फादर, त्या अर्ध्या दाढीवाल्याचं पुढं काय झालं?” शेवट त्याला पाठ होता. आम्ही गोष्ट पहिल्यापासून सांगितली. आजीने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात कांडीचा धागा तुटला, आणि त्याचा दोष तिने आमच्याच माथी मारला.