अर्धा किलो मायक्रॉन

भोंगा बंद झाला. भोसरीत सकाळी पावणेसातला पहिला व्हायचा, सातला दुसरा. मधल्या पंधरा मिनिटांत गेटवरच्या टपरीवर चहा, विडी आणि आदल्या रात्रीच्या मॅचचा पंचनामा उरकायचा. आता गेटवर चेहरा दाखवतात. आत जायला तीन सेकंद लागतात.

पंच कार्डाचं घड्याळ गेलं. कार्ड आत सारलं की खटका वाजायचा. उशिराची वेळ लाल उमटायची. ज्याचं कार्ड महिनाभर काळं राहील त्याने सगळ्यांना भजी द्यायची, असा एका शॉपमधला नेम होता. खरं तर उलटं हवं होतं. पण मग भजी रोजच झाली असती.

ड्रॉइंग ऑफिसमधले उभे बोर्ड गेले. ए-झिरोचा कागद 841 बाय 1189 मिलिमीटर. तो लावला की बोर्डामागचा माणूस दिसत नसे. खाली पाय तेवढे दिसायचे. चपला बघून हाक मारायचे.

ट्रेसिंग पेपरवर रोटरिंगच्या पेनाने शाई चढायची. चूक झाली की अर्ध्या ब्लेडने खरवडायची. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगायचा. उन्हाळ्यात मनगटाखाली रुमाल असायचा. ड्रॉइंग कोणाच्या हातचं आहे ते सही न बघता कळायचं. एकाचे बाण बारीक आणि लांब. एकाचे ठसठशीत. एकाचा आठ म्हणजे शून्यावर शून्य. ऑटोकॅड 1982 मध्ये आलं. इथल्या ऑफिसांत ते रुळायला नव्वदचं दशक उजाडलं. त्यातले सगळे बाण सारखे असतात.

माशी गेली. एका ड्राफ्ट्समनने ट्रेसिंगच्या कोपऱ्यात 0.2 च्या पेनाने माशी काढली होती, पंखांवरच्या शिरांसकट. चेकरने दोनदा हात हलवला. एकदा फुंकर मारली. मग चष्मा पुसला. मग काही न बोलता 'चेक्ड'च्या चौकटीत सही केली. माशी पुसायची राहून गेली. प्रिंट निघाल्या आणि व्हेंडरांना गेल्या. एकाने कोटेशनसोबत विचारलं, माशीचं मटेरियल कोणतं धरायचं? उत्तर रीतसर टाइप झालं, त्याला जावक क्रमांक पडला: माइल्ड स्टील, ब्लॅकनिंग करून.

अमोनिया प्रिंटची खोली गेली. दार बंद ठेवलं तरी वास जिन्यापर्यंत यायचा. सर्दी झालेल्याला औषध म्हणून आत पाठवत. तो डोळे पुसत बाहेर यायचा आणि बरं वाटलं म्हणायचा. प्रिंट निघेपर्यंत बाहेरच्या बाकावर थांबावं लागे. निगडीला प्राधिकरणाचा प्लॉट घ्यावा की नाही, ही चर्चा त्या बाकावर कित्येक वर्षं चालली. तिकडे कोण राहायला जाणार, असं म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा होता. प्राधिकरण 1972 मध्ये स्थापन झालं. 2021 मध्ये ते विलीन झालं. बाक त्याआधीच हलवला होता.

प्लॉटर आला तेव्हा सगळं सेक्शन त्याच्याभोवती उभं राहिलं. तो आपलं आपण पेन उचलायचा, आपलं आपण बदलायचा. आठवडाभर गर्दी होती. आता पीडीएफ जाते.

व्हर्नियरवरच्या पैजा गेल्या. मुख्य पट्टीवरची रेघ वाचायची, मग सरकत्या पट्टीवरची कोणती रेघ मुख्य पट्टीवरच्या एखाद्या रेघेशी जुळते ते बघायचं. लीस्ट काउंट 0.02. दोघांची वाचनं क्वचितच एक यायची. खिडकीपाशी उजेडात जायचं, तिसऱ्याला बोलवायचं, तिसरा तिसराच आकडा सांगायचा. हरणाऱ्याने चहा द्यायचा. डिजिटल व्हर्नियरवर आकडा दिसतो.

टूल क्रिबची जाळी गेली, आणि टोकनं. प्रत्येकाला पितळेची सहा टोकनं मिळायची, त्यांवर त्याचा नंबर ठोकलेला. हत्यार न्यायचं तर टोकन द्यायचं. स्टोअरकीपर ते हत्याराच्या खिळ्यावर अडकवायचा. हत्यार परत आलं की टोकन परत. माणसं नंबराने ओळखली जायची. 'चारशे बारा आला का?' 'चारशे बाराच्या मुलीचं जमलं.' काहींची आडनावं रिटायर होईपर्यंत कोणाला नीट ठाऊक नसायची. आता कार्ड टेकवलं की हत्यार यंत्राच्या खणातून खाली पडतं. नंबर अकरा आकडी झाला आहे. त्याने हाक मारता येत नाही.

आयटीआयचा नवा पोरगा अप्रेंटिस म्हणून यायचा. पहिल्या आठवड्यात त्याला त्याच जाळीवर पाठवत: अर्धा किलो मायक्रॉन घेऊन ये. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्टोअरकीपर रजिस्टर उघडायचा, गंभीरपणे पानं उलटायचा. 'जाडे की बारीक?' पोरगा विचारायला परत जायचा. बारीक. 'सुटे की पुडीत?' पुन्हा फेरी. शेवटी कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेला बिडाचा तुकडा हातात मिळायचा. 'पाऊण किलो भरलं, चालेल का विचार.' तोवर सगळी लाइन तोंडं फिरवून उभी असायची. त्या दिवसाचा चहा पोराला फुकट मिळायचा. पुढच्या वर्षी तोच नव्याला पाठवायचा.

लेथवर होणारी घरची कामं गेली. पितळेच्या उरल्यासुरल्या बारमधून उदबत्तीचं घर, खलबत्ता, समई. रिटायर होणाऱ्यासाठी चिमुकला लेथ व्हायचा, हेडस्टॉक-टेलस्टॉकसकट, चक फिरणारा. सुपरवायझर त्या तासाला दुसरीकडे राउंड घ्यायचा. सीएनसी मशीन प्रत्येक जॉबचा सायकल टाइम नोंदवून ठेवतं.

चहाची ट्रॉली गेली. तिचं एक चाक कुरकुरायचं. मेंटेनन्सवाल्यांनी त्याला कधी तेल घातलं नाही. घातलं असतं तर चहा आल्याचं कळलं नसतं.

डबे एकत्र उघडायचे थांबले. बारा वाजता पॅकिंगच्या लाकडी खोक्यांवर वर्तमानपत्र पसरायचं आणि दहा-बारा डबे मधोमध यायचे. कोणता कोणाचा हे झाकण निघेपर्यंतच. एकाकडे शेंगदाण्याचा ठेचा आणि भरली वांगी यायची. तो हात धुऊन येईपर्यंत डबा रिकामा व्हायचा. मग त्याने दोन पुडांचा डबा आणायला सुरुवात केली, वरच्या पुडात दुधी. तीन दिवस दुधी संपला. चौथ्या दिवशी वरचा पूड अलगद बाजूला ठेवून खालचा उघडला गेला. ज्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली असेल त्याचा डबा नसायचा. त्या तीन महिन्यांत त्याचं वजन वाढायचं. एकादशीला उपास नसलेलेही खिचडीकडे सरकायचे. आता कँटीनमध्ये मायक्रोवेव्ह आहे. त्यात एका वेळी एक डबा फिरतो. 2020 मध्ये टेबलांवर ॲक्रिलिकचे पडदे लागले आणि टेबलाला दोन खुर्च्या ठेवल्या. पडदे निघाले. खुर्च्या दोनच आहेत.

गुरुवार मोडला. विजेचा भार वाटून घेण्यासाठी इथल्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी लागली होती. शाळेला सुट्टी रविवारची. पोरं बापाला रात्री बघायची, आणि गुरुवारी दुपारी झोपलेला. पण लग्न गुरुवारचं निघालं की टेंपो ठरायचा आणि डिपार्टमेंट वऱ्हाडाच्या आधी मांडवात पोचायचं. आहेर एकच. भिंतीवरचं घड्याळ, त्यावर कागद चिकटवलेला: सहकारी मित्र, मशीन शॉप. एका घरात अशी तीन घड्याळं होती. तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवायची. आता कोणाला गुरुवार, कोणाला रविवार, वरच्या मजल्याला शनिवार-रविवार. पत्रिका ग्रुपवर येते. खाली अंगठे उमटतात.

लोणावळा लोकलमधला डाव मोडला. ही लोकल 1978 मध्ये सुरू झाली. चौघं समोरासमोर, गुडघ्यांवर आडवी ब्रीफकेस, तिच्यावर पत्ते. पुणे स्टेशनला पिसायचे, कासारवाडीला शेवटचा हात. डाव अर्धा राहिला तर ज्याची पानं त्याच्या खिशात. दिवसभर ती शर्टाच्या खिशात, सहा इंची पट्टीशेजारी असायची. संध्याकाळी डाव तिथून पुढे. मधल्या नऊ तासांत कोणी पान बदललं नाही, असं चौघंही सांगतात. मग एकेकाने मोटारसायकल घेतली. 6 मार्च 2022 ला पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली. तिच्यात बाकं भिंतीकडेला आहेत. मधली जागा उभं राहणाऱ्यांची.

खंडेनवमी गेटपाशी आली. पूर्वी ती प्रत्येक मशीनवर व्हायची. आदल्या दिवशी दुपारी काम थांबायचं. केरोसीन, चिंध्या, ब्रश. वर्षभराचं तेलकट किटण निघायचं आणि मशीनचा मूळ हिरवा रंग दिसायचा. दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार, मायक्रोमीटरला हळदकुंकू, हातोडीला हळदकुंकू, पुढे कॅलक्युलेटरलाही. घरची माणसं आत यायची. वर्षातून तेवढा एकच दिवस. बायका मशीन बघायच्या, पोरं नवऱ्या मुलासारखं सजलेलं लेथचं चक फिरवून बघायची. 'हे बाबांचं.' शेजारच्या लेथवाल्याचा पोरगा म्हणायचा, 'हे आमच्या बाबांचं, याच्यापेक्षा मोठं.' पेढ्याच्या पुड्याखेरीज कोणी हलत नसे. झेंडूच्या पाकळ्या कुलंटच्या टाकीत जातात, फिल्टर तुंबतो. त्यामुळे हार आत नेत नाहीत. पूजा सकाळी अकराला रिसेप्शनवर असते. फोटो निघतो.

पंचवीस वर्षं झाली की एचएमटीचं घड्याळ मिळायचं. मागे नाव आणि साल कोरलेलं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला. त्याच्या आधीपासूनच पंचवीस वर्षं भरणारे कमी झाले होते.

निरोपाची मिरवणूक गेली. शाल, श्रीफळ, पितळेचा लेथ, भाषण. भाषणात 'घरच्यासारखे' हा शब्द यायचा आणि मागून कोणीतरी 'म्हणूनच उशिरा यायचे' म्हणायचा. मग फुलं लावलेल्या जीपमधून त्याला घरापर्यंत पोचवायचं. आता शेवटच्या दिवशी मेल येते. विषय: लास्ट वर्किंग डे. उत्तरं सगळ्यांना सगळ्यांची जातात. काहींनी नुसतं 'नोटेड' लिहिलेलं असतं.

भिशी बंद झाली. बारा जण, बारा महिने, दर महिन्याला एकाची चिठ्ठी. सुपारीच्या डब्यातून चिठ्ठी काढायला स्वीपरला बोलवत, तो कोणाचा नाही म्हणून. लाइनवर आता दोन रंगांचे शर्ट आहेत. निळे कायमचे, राखाडी कंत्राटी. राखाडी जास्त. 240 दिवस भरू नयेत म्हणून त्यांची नेमणूक सात महिन्यांची असते. भिशी बारा महिन्यांची असते.

नवीन पोराला पहिल्या दिवशी सेफ्टीचा व्हिडिओ दाखवतात. मग तो थेट मशीनवर जातो. मायक्रॉन आणायला कोणी पाठवत नाही.

टोकनांचा फळा जुन्या स्टोअरच्या भिंतीवर आहे. खिळे तसेच. खिळ्यांखाली पांढऱ्या रंगात हत्यारांची नावं, स्टोअरकीपरच्या वळणदार अक्षरात. एका खिळ्यावर टोकन राहिलं आहे. खाली लिहिलं आहे: रीमर, 12 एच 7. टोकनावर नंबर 412. शेवटच्या हिशेबात त्याचे पाच रुपये कापले होते.