परत न येणारी ऊब

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून भारतातील पहिली विजेची गाडी निघाली आणि हार्बर मार्गाने कुर्ल्यास येऊन थांबली. धूर नाही, कोळसा नाही. तरी लोक तिला आगगाडीच म्हणत राहिले. ती धावली कशी, याचे कौतुक पुष्कळ झाले असेल. परंतु ती थांबली तेव्हा तिचा वेग कोठे गेला?

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या ४०० टनांच्या गाडीत इतकी ऊर्जा असते की, तिच्यायोगे २५ अंशांचे सुमारे १७५ लिटर पाणी उकळीला येईल. ब्रेकचे ठोकळे चाकांवर घासतात, तापतात आणि ती सारी ऊर्जा उष्णता होऊन आसमंतात पसरते. तिचा एक कणही नाश पावत नाही. मग फलाटावरची हवा किंचित गार होऊन तीच गाडी आपोआप पुन्हा का धावू लागत नाही? ऊर्जेचा हिशेब तर तसेही जुळेल!

उत्तर मोजदादीत आहे. दहा नाणी उधळली तर ती १,०२४ प्रकारे पडू शकतात. सगळे छाप वर येण्याचा प्रकार एकच. पाच छाप व पाच काटे येण्याचे मात्र २५२. नाण्यांना अव्यवस्थेची आवड नसते; तिचे प्रकारच अधिक असतात, इतकेच. धावत्या गाडीचे सारे रेणू एका दिशेने एकजुटीने चाललेले असतात. ब्रेक लागताच ही एकजूट मोडते व रेणूंची वाटेल तशी धडपड उरते. एक घनसेंटिमीटर हवेतच २ वर १९ शून्ये द्यावीत त्याहूनही अधिक रेणू असतात. ते सारे पुन्हा एका दिशेस वळणे निसर्गाने निषिद्ध मानलेले नाही. परंतु विश्वाच्या आजवरच्या वयात ते घडेल, अशी आशा धरणे व्यर्थ होय. क्लाउझियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये या पसरणीच्या मापास ‘एंट्रॉपी’ हे नाव दिले. प्रकारांच्या गणतीशी तिचा संबंध बोल्ट्‌झमानने १८७७ मध्ये दाखविला.

अलीकडच्या गाड्यांत थांबताना मोटारीच जनित्रे बनतात आणि काही वीज तारेत परत जाते. सगळी मात्र नाही.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, कुर्ल्याच्या पुढे कांजूर-भांडुपच्या मिठागरांत गढूळ खाऱ्या पाण्यातून मिठाचे नीटनेटके, चौकोनी स्फटिक तयार होत. ती सुव्यवस्था कोठून आली? शंका योग्य आहे. मीठ व्यवस्थित झाले खरे, पण त्यासाठी उन्हाने कितीतरी पाण्याची वाफ झाली आणि ती वाऱ्याबरोबर दूरवर विखुरली. मिठाने जेवढी व्यवस्था कमावली, त्याहून अधिक अव्यवस्था आकाशात गेली. पावसाळा तोंडावर आला की ते मीठ घाईने रास करून झाकावे लागे. नाही तर महिन्यांचे श्रम चार सरींत पुन्हा पाण्यात विरघळून जात.