मूळ सीडी घाला

संगणकावरच्या खेळाची सीडी जपायची म्हणजे आपण तिची आरशासारखी बाजू जपतो. खरा धोका दुसरीकडे असतो. खालून १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचं कवच असतं. पण ज्या ॲल्युमिनियमच्या थरामुळे सगळा खेळ वाचता येतो, तो चित्राच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली. ग्वाल्हेरचे ४५ अंशांचे उन्हाळे आणि मागून येणारा दमट पावसाळा कपाटात काढलेली सीडी ट्यूबलाइटसमोर धरावी, तर टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. तेवढा खेळ गेलेला असतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी दादाने जमवलेल्या खेळांच्या प्रती काढायला मी बसले ती हे ठिपके पाहूनच. विकत घेतलेल्या प्रोग्रामची, तो खराब होईल किंवा हरवेल म्हणून, जादा प्रत ठेवायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. डिस्क मात्र ती देत नाही. ड्राइव्ह घरघरतो, थबकतो, पुन्हा त्याच जागी येतो. पडद्यावरची पट्टी तीन-चार टक्क्यांवर अडून बसते. काही सेक्टर, म्हणजे माहितीचे कप्पे, कारखान्यातच मुद्दाम बिघडवलेले असतात. सेफडिस्क या प्रत रोखणाऱ्या कुलपाच्या पुढच्या आवृत्त्यांची युक्ती याहून खोल होती. सीडीवर आठ बिटांचे चौदा करून लिहितात; त्यात काही आकडे असे निवडून सलग मांडले, की खाचा आणि सपाटीचा तोलच ढळावा. कारखान्यातलं यंत्र ते बिनचूक कोरतं, घरचे बरेच रायटर तिथे चुकतात. प्रत शंभर टक्के पूर्ण होते, आणि खेळ उघडताच सूचना येते: मूळ सीडी घाला.

मग मूळ सीडी घालावी, तर २०१५च्या विंडोज १०ने सेफडिस्कचा ड्रायव्हरच वगळला. दुकानातून पावती घेऊन आणलेला खेळही तिथे सरळ चालत नाही. कुलूप शाबूत आहे, किल्ली हातात आहे, दारच राहिलेलं नाही. याचा मला मनापासून राग येतो.

ग्वाल्हेरसारख्या गाण्याच्या गावात तरी येतोच. गवई बडे मोहम्मद खाँ आपली तान कुणाला देत नसत; तेव्हा शिंदे महाराजांनी हद्दू-हस्सू खाँ या गवई भावांना पडद्याआड बसवून ती ऐकवली, असं इथे पिढ्यान्पिढ्या सांगतात. ती चोरी होती का, यावर जुनी मंडळी अजून वाद घालतात, आणि घालावा. पण हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडे ग्वाल्हेरला येऊन शिकलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि मिरजेत त्यांच्याजवळ शिकून १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुसकर, अशी ती गायकी गळ्यागळ्यांतून निघाली. प्रत्येक गळ्यात थोडी बदललीही. एका घरी कोंडली असती, तर त्या घराबरोबर संपली असती.

खेळ करणाऱ्यांची कमाई बुडू नये हे मलाही पटतं. नवा खेळ बाजारात असेपर्यंत कुलूप असावं. पण विक्री थांबवली की त्याच कंपनीने ते काढून द्यावं. २००८पासून जीओजी या संकेतस्थळावर जुने खेळ कुलपाशिवाय विकले जातात, विकत घेतलेली फाइल हवी तिथे जपून ठेवता येते. दादाच्या सीडींच्या पाकिटातले दोन खेळ मी तिथून पुन्हा पैसे देऊन घेतले. बाकीचे तिथेही मिळाले नाहीत. त्यांच्या प्रती बिघडलेल्या सेक्टरांसकट, जशाच्या तशा, हार्ड डिस्कवर उतरवायचं काम अजून चालू आहे.