हाताचं माप

घरी व्हिडिओ गेमची उभी पेटी करायची म्हटलं, की लोक आधी पडद्याची चौकशी करतात. मला विचाराल, तर खरा प्रश्न हाताखालच्या फळीचा. दांडा कुठे, बटणं कुठे?

जुन्या यंत्रांत याबाबत एकमत नव्हतं. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'ला दांडाच नाही. खेळायची पाच बटणं. १९८० च्या 'पॅक-मॅन'ला नुसता दांडा, मधोमध. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'त डाव्या हाताला दांडा, उजव्याला सहा बटणं. वरची तीन ठोशांची, खालची तीन लाथांची.

पक्षाघातानंतर आमच्या दादाच्या उजव्या हातात जोर राहिलेला नाही. एके काळी बेळगावात याच खेळापायी त्यानं घरी बोलणी खाल्लेली. म्हणून फळी बसल्या उंचीला घेतली. दांड्याच्या अलीकडे मनगट टेकण्यापुरती जागा मोकळी सोडली. बटणं वीतभर लांब सरकवली, शेजारी दुसरा माणूस मावावा म्हणून. तो दुसरा म्हणजे शेजारच्या कन्नड घरातला नातू. त्याचा पंजा पुठ्ठ्यावर टेकवून बोटांच्या खुणा केल्या. बोटं सरळ रेषेत येत नाहीत, तेव्हा बटणांची ओळही किंचित वाकडी आखली.

आता दांडा दादाचा, बटणं पोराची. दादा 'दाब' म्हणतो, घाईत 'ओत्तु' म्हणतो. पोरगं दोन्हींवर दाबतं. त्याचा हात वाढेल. फळी चार स्क्रूंवरच बसवली आहे.