कवडी, मणी आणि रूळ
अमेरिकेतल्या सू आदिवासींच्या जुन्या मोकॅसिनवर, म्हणजे मऊ कातडी जोड्यांवर, मण्यांच्या ओळी इतक्या दाट बसवलेल्या असतात की खालचं कातडं जेमतेम दिसतं. जनावराच्या मेंदूचा लेप चोळून ते कमावलेलं, जनावराच्याच कंडरांच्या तंतूंनी शिवलेलं. मणी मात्र व्हेनिस आणि बोहेमियाच्या भट्ट्यांतून समुद्र ओलांडून आलेले. असा एखादा जोड पाहिला की माझं मन थेट चाळीसगाव, पाचोरा, जामनेरकडच्या तांड्यांवर जातं. बंजारा बाईचा फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी, घागरीखालची चुंबळ यांवरही आरसे, मणी, नाणी आणि कवड्यांच्या गर्दीत कापड हुडकावं लागतं. कवडीसुद्धा दूरचीच, मालदीवच्या समुद्रातली. खानदेशातून समुद्र कुठं दिसतो? तरी तो या बायकांच्या घागऱ्यांवर येऊन बसला.

तो आला बैलांच्या पाठीवरून. मीठ आणि धान्य वाहणारी बंजाऱ्यांची लदेणी हा या मुलखाचा मोठा व्यवहार होता. सतराव्या शतकात सुरत-बऱ्हाणपूर वाटेनं फिरलेल्या टॅव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे नोंदवले आहेत. मग 1860च्या दशकात रूळ भुसावळला पोचले आणि मालगाडीपुढं बैल हरला. त्याच दशकाच्या शेवटी, 1869 साली, अमेरिकेत रेल्वे आरपार झाली. शिकारी आणि कातड्यांचे व्यापारी अशा रेल्वेमार्गांवरून आले आणि सू लोक ज्यांच्यावर जगत ते उत्तरेकडचे बायसनचे अफाट कळप 1883च्या सुमारास संपले. सू लोक राखीव प्रदेशात कोंडले गेले.

आणि नवल असं, की त्यांचं मणीकाम बहरलं ते याच कोंडीत. घोड्याच्या खोगिरापासून तान्ह्या बाळाच्या पायातल्या जोडापर्यंत बायकांनी सगळं मण्यांनी भरून काढलं. वाट गेली, जनावर गेलं, सुई हातात राहिली. आमच्या तांड्यांतही बैल गेले, ऊसतोडीची पायपीट आली, तरी टाके टिकले. या दोन्हीकडच्या बायकांविषयी मला निव्वळ आदर वाटतो.

29 डिसेंबर 1890 रोजी वुंडेड नी इथं अमेरिकी सैन्यानं सू स्त्री-पुरुषांना, मुलांना मारलं. मृतांच्या अंगावरच्या वस्तूही ओरबाडल्या गेल्या. तिथल्या म्हणून जपलेल्या मोकॅसिनसारख्या कितीतरी चिजा मॅसॅच्युसेट्समधल्या बॅर गावच्या संग्रहालयात शतकाहून अधिक काळ होत्या. 2022 साली त्या वंशजांना परत मिळाल्या.

इकडे जुने फेटिये कापून शहरातल्या दुकानांसाठी पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवले जातात. शिवणारीचं नाव कात्रीखाली जातं. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ 1927पासून जुने कागद जपत आलं आहे. टाक्यांतलं हे दफ्तरही खानदेशानं तितक्याच आस्थेनं जपायला हवं. तुमच्या घरात, ओळखीत असा एखादा फेटिया असेल तर तो कापू देऊ नका. तो कुणी शिवला, कोणत्या तांड्यावर, हे आजीला आजच विचारा आणि लिहून त्याच्यासोबत ठेवा.